मुंबई–नागपूर: तिकिटावरचा दीड तास

आज मुंबईहून विमानाने नागपूर. सरळ रेषेत अंतर सुमारे ६८० किमी. तिकिटावर साधारण दीड तास लिहिलेला असतो, पण प्रत्यक्ष हवेत तासाभराच्या आसपासच. उरलेला वेळ जमिनीवर जातो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि उड्डाणासाठी विमानांची रांग लागते. म्हणून नागपूरला पुढची गाडी पकडायची असेल तर किमान दोन तास हाताशी ठेवाच.

हिवाळ्यात वर पश्चिमेचे वारे जोरात असतात. जाताना ते पाठीशी, येताना समोरून. परतीला पाच-दहा मिनिटं जास्त धरा.

समृद्धी महामार्गाने ७०१ किमी, आठेक तास. सामान जास्त असेल तर मला तोच बरा वाटतो.