एका ब्लॉकसाठी झालेली वणवण

गर्भाशयाच्या अस्तराची बायोप्सी एकदा झालेली असेल आणि नवीन डॉक्टर ‘सीडी १३८ करून घ्या’ (अस्तरातली जुनाट सूज शोधायची तपासणी) म्हणाले, तर पुन्हा टेबलावर झोपण्याआधी हे वाचा. तुमचा जुना नमुना बहुतेक वेळा लॅबमध्ये जपून ठेवलेला असतो आणि त्याच्यावरच ही तपासणी होऊ शकते. एवढी साधी गोष्ट कळायला माझा जो वेळ गेला, त्याचा राग अजून गेलेला नाही.

टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात भ्रूण चांगले होते, पण ट्रान्सफर करूनही, म्हणजे ते गर्भाशयात सोडूनही, गर्भ रुजत नव्हता. सोलापूरच्या डॉक्टरांनी टीबी नाही ना हे बघायला अस्तराचा तुकडा काढून पाठवला. आपल्याकडे ते बघायलाच हवं, गर्भपिशवीचा टीबी हे वंध्यत्वाचं मोठं कारण आहे. रिपोर्ट आला: टीबीचा पुरावा नाही, अस्तर पाळीच्या उत्तरार्धातलं, बाकी नॉर्मल. ती फाइल घेऊन आम्ही पुण्याला गेलो. तिथल्या मॅडमनी रिपोर्ट वाचला आणि विचारलं, ‘‘यात प्लाझ्मा पेशी कोणी मोजल्यात का?’’

मग त्यांनी कागदावर अस्तराचं चित्र काढून समजावलं. अस्तरात रोगप्रतिकारक पेशी असणं हा आजार नाही. ‘नॅचरल किलर’ हे नाव ऐकून मी घाबरले होते. पण गर्भ रुजायच्या काळात अस्तरात याच पेशी सगळ्यात जास्त असतात आणि गर्भाला रक्तपुरवठा नीट व्हावा म्हणून त्या मदतच करतात. प्लाझ्मा पेशींचं तसं नाही. त्या प्रतिपिंडं तयार करतात. अस्तरातल्या ग्रंथींच्या मधल्या भागात त्या ठाण मांडून बसल्या, तर तिथे जुनाट सूज आहे असं धरतात. तिला क्रॉनिक एन्डोमेट्रायटिस म्हणतात. ना ताप, ना दुखणं. सोनोग्राफीतही सहसा कळत नाही. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात या पेशी बाकीच्या गर्दीत हरवतात. सीडी १३८ हे त्यांच्या पृष्ठभागावरचं प्रथिन. ते शोधणारा रंग दिला की त्या तपकिरी उठून दिसतात.

मॅडमच्या असिस्टंटनी लगेच पुढची तारीख द्यायला घेतली, ‘‘परत बायोप्सी करू.’’ पहिल्या वेळी भूल न देता नळी आत घातली होती. ती कळ मला आठवत होती. मी म्हटलं, आधीचा तुकडा असेल ना? मॅडम म्हणाल्या, ‘‘असेल. ब्लॉक मागवा.’’

ब्लॉक म्हणजे मेणाची लहानशी वडी, तिच्यात आपला तुकडा बसवलेला असतो. तो वर्षानुवर्षे टिकतो.

इथून खरी कथा सुरू झाली. सोलापूरच्या कलेक्शन सेंटरवर गेले, तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘‘ताई, आम्ही फक्त सॅम्पल घेतो. ब्लॉक मुंबईला.’’ मुंबईच्या नंबरवर फोन केला तर रेकॉर्ड केलेला आवाज, मग प्रतीक्षा, मग कोणीतरी सांगणार की ज्या सेंटरला सॅम्पल दिलं तिथेच विचारा. सेंटरवर परत गेले तर डॉक्टरांचं पत्र आणा. पत्र आणलं तर म्हणाले, हे पुण्याच्या डॉक्टरांचं, सॅम्पल सोलापूरच्या डॉक्टरांनी पाठवलंय, त्यांचं आणा. तेही आणलं. मग ओळखपत्र आणि मूळ पावती. ई-मेलला उत्तर आलं की दिलेल्या क्रमांकाची नोंद सापडत नाही. मी हादरले. माझ्या शरीरातला तुकडा हरवला की काय! नवरा सेंटरवर जाऊन तावातावाने बोलून आला, त्यानेही काही हललं नाही.

नोंद सापडत नव्हती कारण सगळेजण बिलावरचा नंबर टाकत होते. बायोप्सीचा नंबर वेगळा असतो. तो रिपोर्टवरच छापलेला असतो, बहुधा नमुन्याच्या वर्णनाजवळ. हे मला काउंटरवर कोणी सांगितलं नाही. शेवटी रिपोर्टखाली ज्यांची सही होती त्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनाच फोन जोडून द्या असा हट्ट धरला. त्या पाच मिनिटं शांतपणे बोलल्या: ‘‘अहो, ब्लॉक हलवायचाच कशाला? आम्हीच सीडी १३८ करतो. डॉक्टरांची विनंती आणि तपासणीची फी, एवढंच लागेल.’’ मेणाच्या वडीवरून काही मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीचा काप घेतात, म्हणून थोडा तुकडाही पुरतो. हे पहिल्याच दिवशी काउंटरवर सांगता आलं असतं. माझ्यामागे रांगेत उभ्या असलेल्या किती बायकांनी कंटाळून पुन्हा बायोप्सी करून घेतली असेल, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

रिपोर्टमध्ये प्लाझ्मा पेशी निघाल्या. किती निघाल्या म्हणजे आजार, यावर जगभर एकमत नाही, तेव्हा फक्त ‘पॉझिटिव्ह’ शब्दावर थांबू नका. मायक्रोस्कोपच्या किती क्षेत्रांत किती दिसल्या ते लिहून मागा. हाच रंग ग्रंथींच्या पेशींनाही लागतो, म्हणून बघणारी नजर सरावाची हवी.

मला डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक दिलं: १०० मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ, चौदा दिवस. जेवणानंतर ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास तरी आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका जळते. दूध, कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्याबरोबर नको. सोलापूरच्या उन्हात अंगभर ओढणी घेऊनच बाहेर पडा, या गोळीने त्वचा लवकर भाजते. कोर्स चालू असताना दिवस राहू नयेत याची काळजी घ्यायची. पुढच्या पाळीनंतर पुन्हा तपासणी झाली, कारण सूज गेली का हे बघायचा दुसरा खात्रीचा मार्ग नाही. तेव्हा मात्र मी बायोप्सीला आनंदाने तयार झाले. या वेळी पहिल्यापासून फॉर्मवर ‘सीडी १३८’ लिहून घेतलं. रिपोर्ट स्वच्छ आला, तो हातात घेऊन मी सेंटरच्या पायरीवरच बसले आणि आईला फोन केला.

या काळात एकीने मला रक्तातल्या किलर पेशी मोजून सलाइनमधून इंट्रालिपिड (शिरेतून द्यायचं चरबीचं द्रावण) घ्यायला सुचवलं. पुण्याच्या मॅडमनी साफ नकार दिला. युरोपातल्या वंध्यत्वतज्ज्ञांच्या ईश्रे या संघटनेनेही २०२३ मध्ये अशा उपचारांची शिफारस केलेली नाही. सूज गेली म्हणजे गर्भ रुजेलच असं नाही, हेही मॅडमनी स्पष्ट सांगितलं. ट्रान्सफर पुढच्या पाळीत आहे.

आणि हो, टीबीचं कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) करायचं असेल तर तुकड्याचा एक भाग साध्या सलाइनमध्ये जायला हवा. फॉर्मेलिन या नमुना टिकवायच्या रसायनात जंतू मरतात, मग कल्चरमध्ये काही उगवत नाही. प्लाझ्मा पेशींसाठी मात्र फॉर्मेलिनच लागतं. तेव्हा डब्या दोन आहेत ना, हे बायोप्सीच्या आधीच सिस्टरांना विचारून घ्या.