राजाच्या कोटाला ठिगळ

रविवारची दुपार, श्रीखंड जरा जास्तच झालेलं, आडवं पडून मोबाईल चाळत होतो तर कुठूनसा चार्ल्सचा फोटो समोर आला. म्हणजे इंग्लंडचा राजा, तिसरा चार्ल्स. फोटो तो प्रिन्स असतानाचा, बागेत काम करतानाचा, आणि अंगातल्या कोटाला ठिगळं. एक नाही, बरीच, आणि मूळ कापडाशी मॅच करायची कुणी तसदीसुद्धा घेतलेली नाही. मी झूम करून करून बघितलं आणि झोप गेली.

बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "त्याला चालतंय. तू असला घालून सोसायटीच्या मीटिंगला जा, लोक तुझा मेंटेनन्स माफ करतील." आणि कूस बदलून झोपली.

या माणसाला काही टाकवत नाही म्हणे. म्हणे कशाला, त्याने स्वतःच २०२० साली व्होग मासिकाच्या मुलाखतीत सांगितलंय की वस्तू टाकून द्यायला मला आवडत नाही, दुरुस्त करू, वेळ पडली तर ठिगळ लावू, पण टाकायचं नाही. त्याच्याकडे बुटांचा एक जोड आहे त्याची गोष्ट तर भारीच आहे. १७८६ मध्ये प्लिमथजवळ एक जहाज बुडालं, त्यात रशियातून इटलीला चाललेलं रेनडियरचं चामडं होतं, ते जवळजवळ दोनशे वर्षं समुद्राच्या तळाशी पडून राहिलं, मग पाणबुड्यांनी वर काढलं तर चांगलं ठणठणीत, आणि त्या चामड्याचे बूट हा गृहस्थ वापरतो. आमच्याकडे माळ्यावर ठेवलेल्या चपलेला एका पावसाळ्यात बुरशी येते.

आणि २०१८ साली धाकट्याच्या, हॅरीच्या लग्नात त्याने घातलेला सूट १९८४ साली शिवलेला होता. हॅरीचा जन्मही १९८४ चाच. नवरदेव आणि बापाचा कोट एकाच वयाचे! मला यात काटकसरीपेक्षा कंबरेचं कौतुक वाटतं. चौतीस वर्षं तेच माप. माझा लग्नातला सूट रिसेप्शनच्या फोटोतच बटणाशी भांडताना दिसतो.

आमच्या घरी मी धाकटा. धाकट्याच्या नशिबी काय असतं ते धाकट्यांना सांगायला नको आणि थोरल्यांना सांगून उपयोग नाही. शाळेची खाकी हाफपँट दादाला वाढत्या मापाची शिवली जायची, ती त्याच्या अंगाला बरोबर बसेपर्यंत विटलेली असायची, आणि मग माझ्याकडे आली की परत वाढत्या मापाचीच, करदोट्यात खोचून घालायची. मी वाढलो की आई खालची दुमड उसवून लांबी सोडायची. त्या दुमडीतल्या पट्टीला कधी ऊन लागलेलं नसायचं, त्यामुळे सगळी पँट फिकी आणि खाली दोन बोटं गडद खाकी काठ. काठापदराची पँट घालून मी चौथी काढली.

मागे बुडाला ठिगळं यायचीच, दोन, गोल. त्याला वर्गात चष्मा म्हणायचे. एकदा गुरुजी फळ्याकडे तोंड करून म्हणाले, चष्मेवाल्या, उभा राहा, तर मी आणि खरा चष्मा असलेला एक असे दोघं उभे राहिलो. आई ठिगळासाठी कापड बाहेरून आणायची नाही कारण रंग जमायचा नाही. ती त्याच पँटचा मागचा खिसा उसवायची आणि तो बुडाला आतून लावायची, मग पायमशीनवर मागे-पुढे, मागे-पुढे अशा बारीक टिपा मारायची, इतक्या दाट की शेवटी ते कापड पुठ्ठ्यासारखं व्हायचं. त्यामुळे ठिगळ फारसं दिसायचं नाही. खिसा मात्र जायचा. गोट्या कुठे ठेवायच्या याचा विचार कुणी केलेला नसायचा.

राजघराण्यात हे सुरू होतं ते थेट बारशापासून. आपल्याकडे नाही का, बाळाला पहिल्यांदा नवं कोरं काही घालत नाहीत, आजीचं मऊ झालेलं लुगडं फाडून त्याची झबली आणि दुपटी शिवतात. त्यांच्याकडे व्हिक्टोरियाने आपल्या पहिल्या मुलीसाठी १८४१ साली एक लेसचं झबलं करून घेतलं, लांबलचक, बाळाच्या पायाखाली हातभर लोंबणारं. ते २००४ पर्यंत वापरलं. बासष्ट बाळं झाली त्याच्यात! एलिझाबेथ राणी त्यातलीच आणि चार्ल्सही त्यातलाच. इतक्या बाळांनी त्यात काय काय केलं असेल याचा विचार करू नये. शेवटी ते पार विरलं तेव्हा राणीने तस्संच दुसरं करायला सांगितलं. अँजेला केली नावाची राणीची ड्रेसर होती, तिने नवी लेस जुन्यासारखी दिसावी म्हणून ती चहात बुडवून रंगवली, चक्क यॉर्कशायर टीमध्ये. २००८ पासून आता ते नवं-जुनं झबलं चालू आहे, विल्यमची तिन्ही मुलं त्याच्यातच झाली. हे वाचल्यावर मला त्या घराबद्दल एकदम आपुलकी वाटायला लागली. राजवाडा असो नाहीतर चाळ, कापडावर चहा सांडला की घरात कुणीतरी म्हणणारच की असू दे, शोभतंय.

चार्ल्सची बहीण अ‍ॅन, ती तर पक्की आत्या आहे. प्रत्येक खानदानात एक असतेच, लग्नाला सगळ्या जणी खरेदीला निघालेल्या असताना कपाटातून एक साडी काढून म्हणते, हिला काय झालंय? चार्ल्स आणि डायनाच्या लग्नात, १९८१ मध्ये, अ‍ॅनने पांढऱ्यावर पिवळी फुलं असलेला ड्रेस घातला होता. २००८ मध्ये नात्यातल्या एका मुलीचं लग्न निघालं तर आत्याबाई तोच ड्रेस घालून हजर. मधल्या सत्तावीस वर्षांत ते लग्न मोडलं, डायना गेली, तिची मुलं मोठी झाली, चार्ल्सचं दुसरं लग्नही झालं. ड्रेसचं काही बिघडलं नव्हतं. भाची बिआट्रिसने २०२० मध्ये आजीचाच, म्हणजे एलिझाबेथ राणीचा, ड्रेस मागून घेतला आणि त्याला बाह्या लावून त्यात लग्न उरकलं. करोनाचे दिवस, मोजकी माणसं, आजीचा ड्रेस. आमच्या ओळखीत त्या वर्षी दोन लग्नं अशी झाली आणि दोन्ही घरचे लोक अजून कुरकुरतात की हौस राहिली.

त्या आजीचं स्वतःचं लग्न १९४७ च्या नोव्हेंबरातलं. युद्ध जिंकलेलं पण कपडा रेशनवर. राजकन्येलासुद्धा कुपनं लागत होती, तिला सरकारने जास्तीची दोनशे दिली. मग देशभरातल्या बायकांनी आपापली कुपनं पाकिटात घालून तिला पाठवायला सुरुवात केली, आणि ती सगळीच्या सगळी परत करावी लागली कारण एकाचं कुपन दुसऱ्याने वापरणं बेकायदा होतं. आमची आजी 'कंट्रोलचं कापड' असं म्हणायची तेव्हा तिच्या तोंडावर जे भाव यायचे तेच त्या बायकांच्या तोंडावर असणार. वर आणखी पेपरवाल्यांची चौकशी सुरू, की ड्रेसच्या रेशमाचे किडे कुठले, शत्रूच्या देशातले तर नाहीत ना. शिवणाऱ्या हार्टनेलला खुलासा करावा लागला की किडे चीनचे आहेत, चँग कै शेकच्या, म्हणजे दोस्तांच्या बाजूच्या चीनचे. लग्नघरात कोण कुठला विषय काढेल याचा नेम नसतो.

याच लग्नाला गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताचं एक विणलेलं कापड पाठवलं होतं, मधोमध 'जय हिंद'. नवरीच्या आजीला, क्वीन मेरीला, तो गांधीजींचा पंचाच वाटला आणि तिने नाकं मुरडली म्हणतात. आजेसासूची अशी एक गोष्ट प्रत्येक लग्नाच्या वाट्याला येते, पण हिरे आणि निजामाचा नेकलेस अशा अहेरात बसून पंच्याकडे बघणाऱ्या म्हातारीचा चेहरा मला बघायला आवडला असता.

आपल्या लोकांनीही अहेर केलाय त्या घराला. २००३ च्या नोव्हेंबरात चार्ल्स मुंबईत चर्चगेटला डबेवाल्यांना भेटून गेला, आणि २००५ च्या एप्रिलात कॅमिलाशी लग्न केलं तेव्हा त्यातल्या दोघांना रीतसर बोलावणं आलं. डबेवाल्यांनी काय पाठवावं, तर नवरीला साडी आणि नवऱ्याला फेटा. याहून योग्य काही असू शकत नाही. मला फक्त एक उत्सुकता आहे, ती साडी कपाटाच्या कुठल्या कप्प्यात आहे. आपल्याकडे अशी आलेली साडी दोन वर्षं घडीत राहते, मग 'देण्याघेण्याच्या' गठ्ठ्यात जाते, आणि कुणाच्या तरी डोहाळजेवणात भलत्याच बाईच्या ओटीत पडते, आणि फिरत फिरत एक दिवस मूळ देणारीकडे परत येते, तेव्हा ती फॉलवरून ओळखते. विंडसरला गठ्ठा नसावा. किंवा असेलही, आपल्याला काय माहीत, जे घर लेस चहात बुडवतं त्याच्याबद्दल खात्रीने काही बोलू नये.

राज्याभिषेकसुद्धा जुन्यावरच भागवला की. ६ मे २०२३, टीव्हीवर मी बघत होतो. अंगावरचा सोनेरी झगा चौथ्या जॉर्जसाठी १८२१ मध्ये केलेला, आतला सोनेरी डगला पणजोबांचा, १९११ चा, हातमोजा आजोबांचा. कॅमिलाचा मुकुट क्वीन मेरीचा, त्याच पंच्यावाल्या म्हातारीचा, थोडा आल्टर करून. (कोहिनूर दुसऱ्या मुकुटात आहे, तो काढला नाही, शहाणपणा केला.) चौथा जॉर्ज म्हणजे अवाढव्य माणूस होता, त्यामुळे झगा पहिल्यापासूनच वाढत्या मापाचा म्हणायचा. आणि चार्ल्सला तो घालायला मिळाला वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी. थोरला असून इतकी वाट बघावी लागली, हे एक धाकटा म्हणून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

पण त्याच दिवशीचं बिल नंतर सरकारने सांगितलं ते ७ कोटी २० लाख पौंड. म्हणजे कपडे घरातले आणि खर्च मांडवाचा, हे आपल्यालाही कळतं. आणि ज्या घोडागाडीतून तो परत गेला ती १७६२ ची, चार टनांची, सोन्याचा मुलामा दिलेली. तीही जुनीच, पण हिला काटकसर म्हणवत नाही. आईची सगळी हुशारी ठिगळ दिसू नये यात होती. खिसा गेला तरी चालेल, गोट्या हातात धरा, पण शेजारच्या काकूंना कळता कामा नये. चार्ल्सचं ठिगळ लांबूनही दिसतं, आणि ते दिसतं म्हणूनच त्याचे फोटो निघतात, आणि मी ते झूम करतो. यावर मला काहीतरी म्हणायचं होतं, बरंच टोकदार होतं, पण मध्येच चहा झाला आणि ते गेलं. जाऊ दे. तसंही फोटोतले टाके बघून कुणाचा राग येत नाही.

फक्त त्याच्या वडिलांचं एक सांगायचं राहिलं. फिलिप. ग्रीसच्या राजघराण्यात जन्मला, दीड वर्षाचा असताना देश सोडून पळावं लागलं, पुढे आईचं आजारपण, घर फुटलं, बहिणी जर्मनीत, हा बोर्डिंगात, वडील माँटे कार्लोला. युद्ध आलं आणि भेटीगाठी थांबल्या. हा ब्रिटिश नौदलात होता. १९४४ च्या डिसेंबरात वडील तिकडेच गेले. युद्ध संपल्यावर फिलिप त्यांचं सामान आणायला गेला तर सामान म्हणजे काय, काही सूट, हस्तिदंती दांड्याचा दाढीचा ब्रश, आणि एक अंगठी. अंगठी त्याने बोटात घातली ती कायमची. आणि ते सूट त्याने शिंप्याकडे नेऊन आपल्या मापाचे करून घेतले आणि वापरले. पुढच्याच वर्षी लग्न, सासरी सगळं जग. पण त्या घडीला पंचविशीतला एक पोरगा, आरशासमोर उभा, आणि शिंपी बापाच्या कोटाला खांद्यात टाचण्या लावतोय. शिंप्याशी काय बोलला असेल? घट्ट करा म्हणाला असेल का सैल?

आमचे बाबा उंचीला कमी होते, त्यांचा एकही शर्ट मला दंडात बसत नाही, दादाला तर नाहीच. एक चॉकलेटी स्वेटर तेवढा होता, हातविणीचा, कोपराला आईने दुसऱ्याच लोकरीने भरलेला, तो दादा घेऊन गेला. त्याला होत नाही. तो आता राहतो चेन्नईला, तिथे स्वेटर लागतही नाही. मागितला तरी देणार नाही, मी ओळखतो त्याला. आणि या एका बाबतीत वस्तू थोरल्याकडून धाकट्याकडे यायचा नियम तो कसा काय विसरला, ते मी त्याला अजून विचारलेलं नाही.