बिल्डरची वकील, मग आमचं कोण?

घर घ्यायला निघालेले ओळखीचे लोक मला हमखास एकच विचारतात: "तुम्ही बिल्डरच्या वकील. टायटल क्लिअर आहे, म्हणजे जमिनीच्या मालकीत घोळ नाही, हे तुमचं म्हणणं आम्ही का मानायचं?" काकू, काल मुलीच्या घरासाठी तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

बाजू मी बिल्डरचीच घेते. पूर्णवेळ नोकरी धरली तेव्हा बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे वकिलीची सनद स्थगित केली. कोर्टात उभी राहत नाही, आणि टायटल सर्टिफिकेटवर सहीसुद्धा बाहेरच्या वकिलाची असते. माझं काम त्याच्या बरंच आधी सुरू होतं. ठाण्यात घोडबंदर रोडला आज टॉवर दिसतात तिथे कितीतरी ठिकाणी भातशेती होती. त्यामुळे आधी सातबारा, मग किमान तीस वर्षांचे फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरची नावं बदलल्याच्या नोंदी, आणि रजिस्ट्रारकडचा सर्च, म्हणजे नोंदलेल्या दस्तांचा शोध. डोंगराकडची जमीन असेल तर खाजगी वनाची नोंद आहे का, तेही बघते.

एका जमिनीच्या वारस नोंदीत तीन भाऊ आणि एक बहीण होती. पुढच्या फेरफारात बहीण नाही. मध्ये नोंदणीकृत हक्कसोड पत्र शोधलं, ते झालंच नव्हतं. तलाठ्यापुढे दिलेल्या जबाबावरून नाव कमी केलेलं. फेरफाराने कुणाचा हक्क जन्मत नाही आणि जातही नाही. ती नोंद महसुलासाठी. म्हणजे बाईंचा हिस्सा शाबूत होता. भावांना इसार देऊन झालेला, साहेबांना भूमिपूजनाची घाई. मी विकास करारावर शेरा लिहिला: थांबा.

आम्ही त्यांच्या सासरी, शहापूरकडच्या गावात गेलो. सत्तरी ओलांडलेल्या बाई. जबाबावरचा अंगठा आपला नाही म्हणाल्या. मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत आणि विचारलं, "विहिरीजवळचा आंबा आहे का अजून?" आंबा नव्हता. ते सांगताना मला जड गेलं.

हिश्श्याचा मोबदला त्यांना वेगळा मिळाला आणि करारात मान्यता देणारा पक्ष म्हणून त्यांनी सही केली. त्यात सहा महिने गेले, बोलणीही मी खाल्ली. पण ते राहून गेलं असतं, तर उद्या त्यांच्या नातवंडांनी दावा लावला असता आणि कर्ज फेडणाऱ्या फ्लॅटधारकांच्या डोक्यावर कोर्टाची तारीख लागली असती. बिल्डरला वाचवताना तुम्ही वाचता, ते इथे.

फ्लॅट विक्रीच्या कराराच्या मसुद्याचं मात्र तसं नाही. तिथे मी समोरच्या बाजूला बसलेली असते. मुलीला सांगा, रेरा या गृहप्रकल्पांच्या कायद्याप्रमाणे करार नोंदवण्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम मागता येत नाही, तेवढ्यावर थांबायचं. महारेराच्या संकेतस्थळावर त्या प्रकल्पाचा टायटल रिपोर्ट मिळेल, तो आणि मसुदा स्वतःच्या वकिलाकडून वाचून घ्यायचा. प्रकल्प आमच्या कंपनीचा असेल तर मला दाखवू नका. दुसरी चांगली वकील मी सुचवते.