पोकळ टोकाची गोळी: जुनी आणि नवी

हँडगनच्या काडतुसांची तुलना निघाली की बहुतेक जण वेग आणि ऊर्जेचे आकडे पुढे करतात. अमेरिकेत गेल्या चार दशकांत स्वसंरक्षणाच्या गोळीत जो बदल झाला, त्याचा या आकड्यांशी संबंध फार थोडा आहे, असे माझे मत आहे. जुन्या आणि नव्या गोळीतला खरा फरक भरवशाचा आहे. नवी गोळी उघड्या जिलेटिनमध्ये (चाचणीत शरीराच्या मांसाऐवजी वापरतात त्या पदार्थात) जशी वागते, साधारण तशीच ती जाड कपड्यांतून गेल्यावरही वागते. जुनीबद्दल तशी खात्री देता येत नसे.

अमेरिकी पोलिसांच्या कमरेला कित्येक दशके .38 स्पेशल रिव्हॉल्व्हर आणि त्यात 158 ग्रेनची, म्हणजे सुमारे 10 ग्रॅम वजनाची, गोल टोकाची शिशाची गोळी असे. ती खोल जाई, पण तिचा आकार फारसा बदलत नसे, त्यामुळे ती आरपार जाऊन मागे उभ्या असलेल्या माणसाला लागण्याची भीती असे. टोकाला पोकळी ठेवली तर गोळी शरीरात शिरल्यावर पसरते, रुंद होते आणि आतच थांबते, हे मात्र फार आधीपासून माहीत होते. कोलकात्याजवळच्या दमदम येथील कारखान्याचे नाव अशा पसरणाऱ्या गोळ्यांना चिकटले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, आणि 1899च्या हेग जाहीरनाम्याने युद्धात त्यांचा वापर निषिद्ध ठरवला. (युद्धात जे वर्ज्य, तेच शहरातल्या पोलिसांसाठी अधिक सुरक्षित मानले जाते, हा विरोधाभास वाटला तरी त्यामागचे कारण वर आलेच आहे.)

या सगळ्या विचाराला कलाटणी मिळाली ती 11 एप्रिल 1986 रोजी मायामीत झालेल्या चकमकीमुळे. एफबीआयच्या एजंटांनी विल्यम मॅटिक्स आणि मायकेल प्लॅट या दोन सशस्त्र दरोडेखोरांना रस्त्यात अडवले. चकमकीच्या सुरुवातीलाच विंचेस्टरची 9 मिमी, 115 ग्रेनची, पोकळ टोकाची सिल्व्हरटिप गोळी प्लॅटच्या उजव्या दंडातून जाऊन छातीत शिरली आणि हृदयापासून जेमतेम एका इंचावर थांबली. ही जखम प्राणघातक होती, तरीही त्यानंतर प्लॅट कित्येक क्षण लढत राहिला; दोन एजंट मारले गेले आणि पाच जखमी झाले. शेवटी एडमुंडो मिरेलेस या गंभीर जखमी एजंटने रिव्हॉल्व्हरमधल्या .38 स्पेशल गोळ्यांनी ही झुंज संपवली.

त्या सिल्व्हरटिपला निकामी म्हणणे मला अन्यायाचे वाटते. लवकर पसरणे आणि उथळ थांबणे हेच तिचे उद्दिष्ट होते आणि ते तिने चोख पार पाडले. चुकीचे होते ते उद्दिष्टच, कारण समोरचा माणूस नेहमी छाती पुढे करून उभा राहत नाही आणि गोळीला आधी हात ओलांडावा लागू शकतो, हे त्यात धरलेलेच नव्हते. एफबीआयने पुढे जी चाचणीपद्धत ठरवली, तिच्यात 10 टक्के जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी किमान 12 इंच जावी आणि शक्यतो 18 इंचांच्या पुढे जाऊ नये, अशी अपेक्षा ठेवली गेली. ठोकळा उघडा ठेवून, तसेच त्याच्यापुढे जाड कपडे, पत्रा, जिप्समचा भिंतबोर्ड, प्लायवूड आणि मोटारीची काच ठेवून गोळ्या झाडल्या जातात.

यांपैकी कपड्यांची चाचणी मला सर्वांत बोलकी वाटते. जुन्या घडणीची गोळी डेनिममधून गेली की तिच्या पोकळीत कापडाची चकती आणि सुताचे धागे घट्ट ठासले जातात, बाटलीला बूच बसावे तसे. पोकळीत ओला ऊतक शिरून आतून दाब देणार, तेव्हाच तिच्या कडा बाहेर वळणार. वाटच बंद झाली की पोकळ टोकाची गोळी साध्या गोल गोळीसारखी पुढे जात राहते. यावर उत्पादकांनी वेगवेगळे उपाय काढले. फेडरलच्या हायड्रा-शॉकमध्ये पोकळीच्या मधोमध शिशाचा खांब होता. नंतरच्या एचएसटीमध्ये तो नाही, आणि कापड भरले तरी पाकळ्या उघडाव्यात अशी पोकळीची व आवरणाची आखणी आहे. हॉर्नडीच्या क्रिटिकल डिफेन्समध्ये पोकळी लवचिक पॉलिमरने आधीच भरलेली असते, म्हणजे कापडाला जागाच उरत नाही. स्पीअरच्या गोल्ड डॉटमध्ये तांब्याचे आवरण शिशाच्या गाभ्याशी एकजीव केलेले असते, त्यामुळे काच फोडल्यावरही आवरण सोलून वेगळे पडत नाही.

या सुधारणांचा एक परिणाम कॅलिबरच्या, म्हणजे गोळीच्या व्यासाच्या, वादावर झाला. मायामीनंतर एफबीआय आधी 10 मिमीकडे आणि मग .40 एस अँड डब्ल्यूकडे वळली होती. नव्या गोळ्यांमुळे 9 मिमी त्याच कसोट्यांवर उतरू लागली, तेव्हा 2010च्या दशकात ती संस्था पुन्हा 9 मिमीवर आली. कमी धक्का, मॅगझिनमध्ये जास्त काडतुसे आणि दुसरी गोळी लवकर नेमकी मारता येणे हे तिचे फायदे आहेत. म्हणून आज कोणी मोठ्या कॅलिबरचा आग्रह धरला, तर मी त्याला आधी हातातली बंदूक ते काडतूस न अडकता घेते का, हे दोन-तीन डबे झाडून पाहायला सांगेन. पोकळ टोकाची काही काडतुसे काही पिस्तुलांच्या चेंबरमध्ये शिरताना अडखळतात, आणि ते दुकानात उभे राहून कळत नाही.

भारतातल्या परवानाधारकांना ही तुलना बहुतांशी वाचण्यापुरतीच आहे. 9 मिमी आपल्याकडे प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे सामान्य परवान्यावर न मिळणाऱ्या प्रकारात, मोडते, आणि सामान्य परवान्यावर जी देशी हँडगन मिळते ती बहुधा .32ची असते.