पायलटचं लायसन्स ‘रिन्यू’ कुठे करतात?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. प्रश्न साधारण असा असतो: ‘अमेरिकेत असताना हौसेनं प्रायव्हेट पायलटचं लायसन्स काढलं होतं. ठाण्याला परत येऊन आठ वर्षं झाली. आता मुलीकडे न्यू जर्सीला जातोय. ते एक्स्पायर झालं असेल ना? रिन्यू कसं करायचं?’ नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ला उड्डाणं सुरू झाली, तेव्हापासून ही जुनी कार्डं कपाटातून बाहेर निघायला लागलीत.

एक्स्पायर झालेलं नाही. एफएएच्या (अमेरिकेतल्या विमान वाहतुकीचं नियमन करणाऱ्या सरकारी संस्थेच्या) कार्डावर मुदतीची तारीख शोधूनही सापडणार नाही, दिल्याची तारीख तेवढी असते. आपली सवय एमएच-०४च्या ड्रायव्हिंग लायसन्सची. डीजीसीएच्या, म्हणजे आपल्या भारतीय विमान वाहतूक नियामकाच्या, लायसन्सलाही मुदत असते, म्हणून हा गोंधळ. रिन्यूअलचा फॉर्मच नाही, त्यामुळे कुणी ‘करून देतो’ म्हणून पैसे मागितले तर देऊ नका. कार्ड जुनं, कागदी असेल तर मात्र ३१ मार्च २०१०नंतर ते चालत नाही. प्लॅस्टिकचं मागवा, फी दोन डॉलर. आणि भारतीय लायसन्सच्या आधारावर एफएएचं कार्ड घेतलं असेल, तर मूळ भारतीय लायसन्सची मुदत संपली की तेही निरुपयोगी.

लायसन्स टिकतं, पण आज विमान उडवायचा हक्क टिकेलच असं नाही. त्यासाठी तीन हिशेब आहेत आणि तिन्हींची मोजणी वेगळी.

पहिला फ्लाइट रिव्ह्यूचा, म्हणजे इन्स्ट्रक्टरबरोबरच्या उजळणीचा, दर २४ कॅलेंडर महिन्यांनी. महिना अख्खा मोजतात: ५ मार्च २०२४ला रिव्ह्यू झाला तर ३१ मार्च २०२६पर्यंत चालतो. किमान एक तास जमिनीवर, एक तास हवेत. यात पास-नापास नसतं. इन्स्ट्रक्टरचं समाधान झालं नाही तर तो ते साधं ट्रेनिंग म्हणून लॉगबुकात लिहितो, रिव्ह्यूची सही देत नाही, आणि ‘नापास’ असा शेरा कुठेही राहत नाही. आठ वर्षांच्या खंडानंतर एका तासात सही मिळेल असं धरून चालू नका. हात लवकर बसतो, अडतं ते नियमांवर आणि रेडिओवर. १ जानेवारी २०२०पासून मोठ्या विमानतळांभोवतीच्या हवाई हद्दीत एडीएस-बी आउट (विमानाची जागा आपोआप प्रसारित करणारं उपकरण) सक्तीचं झालंय. त्याआधी परत आलेल्यांना ते नवंच असतं. सही एफएएच्याच इन्स्ट्रक्टरची लागते, बारामती-धुळ्याच्या इन्स्ट्रक्टरकडे फक्त डीजीसीएची परवानगी असेल तर उपयोग नाही. (गंमत म्हणजे १ डिसेंबर २०२४पासून एफएए इन्स्ट्रक्टरच्या नव्या सर्टिफिकेटवरचीही मुदत गेली.)

दुसरा मेडिकलचा. हौशी पायलटला लागणारं थर्ड क्लास मेडिकल (तब्येतीचं प्रमाणपत्र) तपासणीच्या दिवशी चाळिशी पूर्ण झालेली नसेल तर ६० महिने, झाली असेल तर २४. वय त्या एका दिवसाचं धरतात. एकोणचाळीस पूर्ण असताना १२ जून २०२४ला तपासणी झाली, तर ती ३० जून २०२९पर्यंत चालते, पुढच्याच आठवड्यात चाळिसावा वाढदिवस का असेना. डीजीसीएचं क्लास टू मेडिकल इथे धरत नाहीत. ‘बेसिकमेड’ हा थर्ड क्लासऐवजीचा सोपा पर्याय आहे, पण १४ जुलै २००६नंतर कधीतरी एफएएचं मेडिकल वैध असावं लागतं, आणि तपासणारा डॉक्टर अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं लायसन्स असलेलाच हवा. नौपाड्यातल्या फॅमिली डॉक्टरांची सही तिथे चालणार नाही. शेवटचा मेडिकलचा अर्ज नामंजूर झाला असेल तर बेसिकमेडही बंद, म्हणून तब्येतीची शंका असेल तर मेडिकलचा ऑनलाइन फॉर्म भरण्याआधीच डॉक्टरांशी बोलून घ्या.

तिसरा नव्वद दिवसांचा, आणि सगळ्यात जास्त गैरसमज इथेच. गेल्या ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग ही अट फक्त प्रवासी घेऊन उडण्यासाठी आहे. एकट्यानं उडायला ती लागत नाही. इथे महिने नाहीत, दिवस मोजायचे. रात्री प्रवासी न्यायचे तर ते तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग रात्रीचेच हवेत, आणि लँडिंग पूर्ण थांबूनच. धावपट्टीला टेकवून लगेच पुन्हा उचललं तर धरत नाहीत. विमान भाड्यानं देणारा क्लब याहून कडक अट घालतो, ती त्यांच्या विम्यासाठी असते. कायदा म्हणून ती इतरांना सांगू नका.

राहिला पत्ता. पत्ता बदलून ३० दिवस झाले आणि एफएएला कळवलं नसेल, तर कळवेपर्यंत उडता येत नाही. ठाण्याचा पत्ता कळवलात आणि अमेरिकेत राहता पत्ता नसेल, तर ७ जुलै २०२५पासून तिथला एक ‘एजंट फॉर सर्व्हिस’ ऑनलाइन नोंदवावा लागतो, म्हणजे एफएएची कायदेशीर कागदपत्रं तुमच्या वतीनं स्वीकारणारी व्यक्ती. अठरा पूर्ण असलेलं आणि तिथे पत्ता असलेलं कुणीही चालतं. न्यू जर्सीची लेक चालेल, पण नाव घालण्याआधी तिला विचारा.