जुन्या कॉमिक्समधल्या नायिका मुलीला वाचायला द्याव्यात का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. जुन्या अमेरिकन कॉमिक्सचा विषय निघाला की कुणीतरी हे विचारतंच: "त्यातल्या बायका म्हणजे तोकडे कपडे आणि 'वाचवा, वाचवा'. आमच्या मुलीच्या हातात कशाला द्यायचं ते?" विचारणारे बहुधा आई-वडील असतात आणि त्यांची काळजी खरी असते. माझं उत्तर असं: जरूर द्या, पण अंक कुठल्या सालचा आहे ते आधी बघा. जितकं जुनं तितकं मागासलेलं, हा हिशेब इथे चुकतो. 1942ची नायिका 1962च्या नायिकेपेक्षा कितीतरी मोकळी होती.

वंडर वुमन 1941च्या अखेरीस 'ऑल स्टार कॉमिक्स'च्या आठव्या अंकात पहिल्यांदा आली. लेखक विल्यम मोल्टन मार्स्टन हे मानसशास्त्रज्ञ, चित्रकार एच. जी. पीटर. पुरुषांना मज्जाव असलेल्या बेटावर स्टीव्ह ट्रेव्हर नावाच्या अधिकाऱ्याचं विमान कोसळतं. ही त्याला अमेरिकेत पोचवते आणि पुढे वर्षानुवर्षं त्याला संकटांतून सोडवत राहते. मदतीला धावून येतात त्या कॉलेजच्या मुली, त्यांची म्होरकी एटा कँडी. 1942 साली वंडर वुमनचं स्वतंत्र कॉमिक निघालं, तेव्हा त्यात खऱ्या कर्तबगार स्त्रियांच्या चरित्रांचं सदरही सुरू झालं. पहिलं चरित्र फ्लोरेन्स नाइटिंगेलचं. सदराशी नाव जोडलेलं होतं विम्बल्डन जिंकलेल्या ॲलिस मार्बलचं. मला हे सदर फार मोलाचं वाटतं. काल्पनिक वीरांगनेची गोष्ट संपली की शेजारीच खरी बाई भेटायची.

आता साखळ्यांबद्दल, कारण ते पान उघडलं की तुम्ही मला फोन करणार. मार्स्टनच्या कथांमध्ये वंडर वुमन सारखी बांधली जाते. पुरुषाने तिच्या कंकणांना साखळी जोडली तर तिची शक्तीच जाते, असा नियम आहे. याला एक इतिहास आहे. मताधिकारासाठी लढणाऱ्या स्त्रियांच्या चित्रांतून साखळदंड तोडणारी बाई नेहमी दिसायची, आणि पीटर त्याच काळातल्या व्यंगचित्रांच्या साप्ताहिकातून आलेले. मार्स्टनच्या घरात राहणारी त्यांची जोडीदार ऑलिव्ह बर्न ही मार्गारेट सँगर यांची भाची. (संततिनियमनासाठी झगडणाऱ्या याच सँगरबाई 1935 साली गांधीजींशी वाद घालायला वर्ध्याला आल्या होत्या.) ऑलिव्हची आई संततिनियमनाच्याच चळवळीत 1917 साली तुरुंगात गेली आणि तिथे तिने उपोषण केलं. ऑलिव्हच्या हातातली रुंद कडी बघूनच वंडर वुमनची कंकणं सुचली. तरीही सगळं चळवळीच्या खात्यावर टाकणं मला पटत नाही. कुणाला तरी शरण जाण्यात सुख असतं, असं मार्स्टनचं स्वतःचं मत होतं आणि ते त्या चौकटींत उघड दिसतं. प्रकाशकांच्या सल्लागार मंडळातल्या जोझेट फ्रँक यांनी त्यावर लेखी आक्षेप घेतला आणि शेवटी आपलं नाव काढून घेतलं. मी त्यांच्या बाजूची आहे. मुलांच्या अंकात इतक्या साखळ्यांची गरज नव्हती.

ही नायिका लेखणी बदलली की किती बदलते, तेही 1942 सालीच दिसतं. 'ऑल स्टार'मध्ये, दुसऱ्या लेखकाच्या हाती, वीरांच्या मंडळात तिला घेतलं ते सेक्रेटरी म्हणून. स्वतःच्या कॉमिकमध्ये सैन्याला भारी पडणारी बाई इथे कागदपत्रं सांभाळायला!

1944 साली मार्स्टन आजारी पडले आणि लिखाणाचा भार जॉय ह्युमेल या तरुण मदतनीस मुलीवर आला. तिने सत्तरहून अधिक कथा लिहिल्या, पण छापून आलं ते चार्ल्स मोल्टन हे टोपणनाव. 1947 साली मार्स्टन वारले. त्याच वर्षी लग्नानंतर ह्युमेलनेही काम सोडलं. तिच्या कामाचा जाहीर सन्मान झाला तो 2018 साली!

पुढची घसरण मुखपृष्ठावरच दिसते. 1949चा 'सेन्सेशन कॉमिक्स'चा 94वा अंक बघा: स्टीव्ह वंडर वुमनला उचलून ओढा ओलांडतोय. विमानं अडवणाऱ्या बाईला ओढा ओलांडता येत नाही! चरित्रांच्या सदराची जागा हळूहळू लग्नाच्या रीतिभातींनी घेतली. 1954 साली कॉमिक्सची आचारसंहिता आली. प्रेमकथांनी घराचं आणि विवाहाचं पावित्र्य ठसवावं, हे तिच्यात लिहूनच ठेवलेलं होतं.

याच हवेत 1959 साली सुपरगर्ल आली, आणि मला सगळ्यात जास्त राग येतो तो तिच्या गोष्टीचा. तिची ताकद सुपरमॅनइतकीच. ती त्याची सख्खी चुलत बहीण, त्याच्या कुळातली. तो काय करतो? तिला अनाथाश्रमात ठेवतो, तपकिरी केसांचा टोप घालायला लावतो आणि कुणाला दिसायचं नाही असं बजावतो. जगाला तिची ओळख होते ती 1962 साली. जवळजवळ तीन वर्षं ही मुलगी लपून छपून लोकांना वाचवते आणि भाऊ परवानगी देईल म्हणून वाट बघते. ते अंक वाचताना आपल्याकडच्या अनेक घरांतल्या मुली आठवतात.

मग 1961ची सू स्टॉर्म, 'फँटॅस्टिक फोर' या चार वीरांच्या संघातली. तिची शक्ती काय, तर दिसेनासं होणं. ती काहीच करत नाही, अशी पत्रं वाचकांकडून यायची. तेव्हा 1963च्या एका अंकात संघाचा नायक तिच्या बाजूने बोलतो आणि दाखला देतो लिंकनच्या आईचा! खरं उत्तर 1964 साली मिळालं, तिला अदृश्य भिंत उभी करण्याची शक्ती देऊन. तिथून ती संघाचा कणा झाली. 1968 साली ती आई झाली, तरी वीरांगना म्हणून तिचं नाव इनव्हिजिबल गर्लच, म्हणजे 'अदृश्य मुलगी'. 'वुमन' व्हायला 1985 उजाडलं.

कपड्यांबद्दल मी मुद्दामच कमी बोलले. पोशाख तोकडा असतो, पुरुषांचेही अंगाला चिकटलेले असतात. तिला काय करू दिलंय, याकडे माझं लक्ष जास्त असतं.

तेव्हा सुरुवात 1942च्या वंडर वुमनपासून करा आणि मुलगी दहा-अकराची असेल तर शेजारी बसून वाचा. महायुद्धाच्या काळातले अंक आहेत, जपानी माणसं त्यात अत्यंत विद्रूप आणि अपमानास्पद काढलेली आहेत. ते चूक आहे, हे तिला तिथेच स्पष्ट सांगावं लागेल. सुपरगर्ल त्यानंतर द्या. आणि "ती भावाचं ऐकते कशाला?" असं मुलीने विचारलं, तर घाईने उत्तर देऊ नका, तिला बोलू द्या.