तेवीस मिनिटं

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पंधरावी तिथी म्हणजे सव्वाअकरा; तिथून सहा तासांनी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. बाबांनी हे मला शाळेच्या आधी शिकवलं. आम्ही अर्णाळ्याच्या बेटावरचे, किल्ल्यातले. आमची डोल, म्हणजे समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधलेलं पिशवीसारखं जाळं, चालते ती उधाणाच्या ओढीवर, म्हणून अमावास्या-पौर्णिमेला सगळ्या बोटी बाहेर असतात.

मार्गशीर्ष अमावास्येला बाबा तापानं घरी होते. मी खुंटावर. पाणी जोरात असतं तेव्हा डोलीची पिंपं खाली दाबलेली असतात. ओढ मेली की ती एकेक करून वर येतात. तेव्हाच जाळं ओढायचं. उशीर केला आणि पाणी फिरलं, तर डोल खुंटाला पिळा घालते, फाटते. पिंपं नुकतीच वर आली होती आणि फोन वाजला. आई म्हणाली, "बाबांच्या छातीत दुखतंय, ये." सहा वाजून पाच मिनिटं.

मी डोल ओढली. मग बोट वळवली.

खुंटापासून घर तासाभरावर. बाबा सव्वासातला गेले, आम्ही साडेसातला पोचलो. बेटावरच्या होड्या सुकतीनं वाळूत बसलेल्या, त्यामुळे त्यांना पलीकडे डॉक्टरकडे नेताच आलं नाही. सुकतीला आजारी पडायचं नाही, हे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, आणि मला त्याचा संताप येतो. लोक म्हणतात, त्यांची वेळ भरली होती. वेळ सुकतीची होती.

तेरावं झालं आणि पौर्णिमेला मी तांडेल, बोटीचा प्रमुख, म्हणून गेलो. तेच पाणी, तीच वेळ. चंद्र डोंगरामागून वर येत होता. पिंपं वर आली. खलाशी माझ्या तोंडाकडे बघत उभे. मला "ओढा" म्हणता येईना. शेवटी बाबांच्या वेळचा म्हातारा खलाशीच म्हणाला, "पानी थांबला, बाला." दोरीला हात घालण्याआधी मी घड्याळ बघितलं. बोंबील, मांदेली, थोडी करंदी. चांगल्या चार टोपल्या. सगळं बोटीत यायला तेवीस मिनिटं लागली.

डोल सोडून निघालो असतो तर ते भेटले असते. वाचले असते असं नाही, पण भेटले असते.

परतताना म्हाताऱ्याला हे सांगितलं. तो बराच वेळ सुकाणूकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तुझ्या बापासनी पन डोल सोरली नसती."

हे खरं की माझ्यासाठी बोललेलं, ते त्याला अजून विचारलेलं नाही.